सदतिसावा प्रश्न

४ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

तुझं कार्ड मिळालं. 'अध्यापक महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसते आहे. भाषेच्या नियमांची जाड वही पाठवावी.' वर मायना नाही, खाली सही नाही. दुकानदाराला सामानाची यादी पाठवावी तसं. पण सतरा वर्षांनी आलं, त्यामुळे मी ते बऱ्याच वेळा वाचलं आणि तुझ्या आईनं मला वाचताना दोनदा पकडलं.

वही पाठवत नाही. तिची शिवण उसवली आहे आणि अर्धी पानं माझ्याच खुणांनी भरलेली आहेत, त्या तुला लागायच्या नाहीत. हे सांगायचं कारण. खरं कारण असं की वही हातात पडली की तुझं काम झालं, मग तू पुढची सतरा वर्षं पुन्हा मुक्यानं काढशील. म्हणून मी एकेक धडा पाठवीन, तू उत्तरं लिहून पाठव, मी तपासून परत करीन. व्यवहार आहे असं समज.

तुझी आई सांगते की वयाची अट पस्तिसाची आहे आणि तुझी ही शेवटची संधी. परीक्षा वीस एप्रिलला. जेमतेम अकरा आठवडे. चष्म्याच्या कारखान्यात दिवसभर भिंगं घासून घरी आल्यावर डोळ्यांपुढे अक्षरं उभी राहतात का, मला माहीत नाही. पण तू चिवट आहेस. हे मी कौतुकानं म्हणतो आहे. पूर्वी तक्रार म्हणून म्हणायचो.

एक आधीच सांगतो. तपासायला लाल शाई वापरणार नाही. घर सोडून गेल्यावर तू जे पहिलं पत्र पाठवलंस, ते मी चौदा चुकांभोवती लाल गोल करून परत पाठवलं होतं. त्यानंतर आठ दिवस तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलली आणि तू तर बोलणंच सोडलंस. आता साधी शिसपेन्सिल घेतली आहे, तीही बोथट.

धडा पहिला. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दुसरी आणि उकारही दुसरा. कवी, पाटी, वस्तू. 'आणि' अपवाद. नियम थोडे असतात, पेपर काढणारे अपवादांवरच जगतात. सोबत चाळीस शब्द आहेत, चुकीचे दुरुस्त करून पाठव.

बाबा

२० फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

चाळीसपैकी चौतीस. वाईट नाही. सहाच्या सहा चुका घाईच्या आहेत, अज्ञानाच्या नाहीत. घाई तू आईकडून घेतलीस.

वाक्प्रचारांची वाक्यं वाचली. 'पाठ फिरवणे' याचा उपयोग तू असा केला आहेस: 'निकालाच्या दिवशी वडिलांनी मुलीकडे पाठ फिरवली.' 'हात झटकणे': 'फेरतपासणीचा अर्ज करू का, असं विचारताच त्यांनी हात झटकले.' अर्थ बरोबर, उपयोग बरोबर, दोन्हींना पूर्ण गुण दिले आहेत. याहून जास्त मी काय म्हणणार.

तू विचारलंस की त्या वर्षी ऐन परीक्षेच्या आधी दोन महिने मी तुला शिकवणं का बंद केलं. क्लास वाढला होता, वेळ नव्हता. तुला वाटलं माझा तुझ्यातला रस संपला. तसं नव्हतं. पुढच्या मुद्द्याकडे वळू.

पर्यायी प्रश्नांत अडलीस तर एक युक्ती सांगतो, क्लासमध्ये सांगत नाही. पेपर काढणाऱ्यांचा एक वहीम असतो. सलग तीन प्रश्नांची उत्तरं एकाच अक्षराची आली तर चालतात, चौथ्यांदा तेच अक्षर आलं की त्यांना बेचैन व्हायला होतं. ते चौथ्या प्रश्नातले पर्याय वरखाली करतात. त्यामुळे तीनदा 'क' लिहून झालं आणि चौथ्याला तू 'क' आणि 'ब' यांत अडकलीस, तर डोळे मिटून 'ब' लिही.

सरावासाठी जुन्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पाठवतो आहे. घड्याळ लावून सोडव. तुझी आई गठ्ठ्यात लोकरीचे हातमोजे घालते आहे. कारखान्यातलं पाणी गार असतं म्हणे. हे तिला माहीत आहे आणि मला नाही, कारण फोनवर मी 'हॅलो' म्हटलं की तुझी लाईन नेमकी बिघडते.

बाबा

६ मार्च

प्रिय चिंगे,

पेपर वेळेत सुटताहेत हे वाचून बरं वाटलं. शब्दसंग्रह माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला आहे. वाचन सोडलेलं दिसत नाही.

गठ्ठ्यात एक वर्ष नाही, हे तुझ्या लक्षात येणारच होतं. तू ज्या वर्षी बसली होतीस नेमकं तेच. माळ्यावर उंदीर झाले होते, त्यांनी कुरतडलं. तुझी आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, ''अहो, उंदीर फारच शिकलेला दिसतो. मागचं-पुढचं सोडून बरोबर तेवढंच वर्ष खाल्लं.'' तिला चेष्टेशिवाय दुसरं काही सुचत नाही.

त्या एका पेपरानं काही अडणार नाही. एकोणीस आहेत, एकोणीस पुष्कळ झाले. जुना पेपर सोडवून जुनाच मनस्ताप व्हायचा. एकशे एकोणीस गुण आले, एकशे वीस लागत होते, एका गुणानं हुकलं, विषय संपला.

परीक्षा मंडळानं यंदा मला पेपर काढायला बोलावलं होतं. मी नकार कळवला. नियमच आहे, जवळचं माणूस परीक्षेला बसत असेल तर पेपर काढणाऱ्यानं बाजूला व्हायचं. तसं लिहून द्यावं लागतं. मी लिहून दिलं. सांगायचं एवढ्यासाठी की तुझ्या परीक्षेला माझ्याकडून कसलाही डाग लागणार नाही.

धडा चौथा सोबत आहे, समास. विग्रह पाठ करू नकोस, समजून घे.

बाबा

१९ मार्च

चिंगे,

रद्दीच्या दुकानातून तू तो पेपर मिळवलास, मंडळानं रद्दीत काढलेल्या उत्तरसूचीसकट. तुझं चार ओळींचं पत्र माझ्यासमोर आहे. 'चौतीस ते सदतीस, चारही उत्तरं क. तुम्ही म्हणाला होतात, चार येत नाहीत. सदतीसला मी तेव्हा ब लिहिलं होतं. शब्दकोशही ब म्हणतो. हा पेपर कुणी काढला होता?'

छापखान्याची चूक असेल. पेपर कोण काढतं हे गुप्त असतं, मला कसं माहीत असणार. आणि आता ते उकरून काय हाती लागणार आहे? परीक्षा महिन्यावर आली आहे आणि तू रद्दी चाळत बसली आहेस. प्रत्येक वाटेवर खड्डे असतात, माणसानं पुढं बघून चालावं.

धडा सहावा पाठवत आहे. प्रयोग आणि वाक्यरूपांतर. हा कच्चा राहिला तर दहा गुण गेलेच म्हणून समज.

बाबा

२ एप्रिल

प्रिय चिंगे,

सहावा धडा न उघडता परत आला. पाकिटावर तू काहीच लिहिलेलं नाहीस. चौदा लाल गोलांपेक्षा ते कोरं पाकीट जास्त लागलं.

ते दारात आलं तेव्हा तुझी आई तिथंच होती. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं, समोर बसली आणि म्हणाली, ''मला एक सांगा. पोरीची परीक्षा होती त्या वर्षी तुम्ही दोन दिवस कुठं गेला होतात? मित्राच्या घराचं बांधकाम बघायला, असं सांगितलं होतंत. त्या मित्रानं तर जन्मात घर बांधलं नाही.'' मी म्हटलं, ''इतकी वर्षं का नाही विचारलंस?'' ती म्हणाली, ''विचारलं असतं तर तुम्ही आणखी एक घर बांधलं असतं.''

तर आता बांधकाम थांबवतो.

तो पेपर मी काढला होता.

मंडळाचं बोलावणं मला पहिल्यांदाच आलं होतं. चौदा वर्षं क्लास चालवून, दुसऱ्यांचे पेपर सोडवून दाखवण्यात आयुष्य गेलेलं, आणि आता आपण पेपर काढणार. मला हुरळून जायला झालं. छापखान्याच्या दारातच मंडळाच्या माणसानं एक कागद पुढं केला, त्यावर छापलेलं होतं: 'माझा कोणीही जवळचा नातेवाईक या परीक्षेस बसलेला नाही.' तू फॉर्म भरून पंधरा दिवस झाले होते. त्या फॉर्मवर फोटो मीच चिकटवला होता. मी सही केली. मनात म्हटलं, मी तिला एक अक्षर सांगणार नाही, मग कुणाचं काय बिघडतं? आणि खरोखर सांगितलं नाही. पेपरातलं काही तोंडून निसटू नये म्हणून दोन महिने तुला शिकवणंच बंद केलं. त्याला मी प्रामाणिकपणा समजत होतो.

दोन दिवस छापखान्याच्या वरच्या खोलीत कोंडलेले होतो. खिडक्यांना कागद चिकटवलेले, स्वतःचं पेन दारातच काढून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर झाला, उत्तरसूची लिहून झाली. सोपवण्याआधी मी सूचीवरून बोट फिरवलं. चौतीस क, पस्तीस क, छत्तीस क, सदतीस क. वहीम तुला सांगितलाच आहे. मी पेपर परत मागून घेतला, सदतिसाव्यातला बरोबर पर्याय 'क'वरून 'ब'वर नेला आणि 'ब'चा 'क'वर आणला. मंडळाचा माणूस खाली हाका मारत होता, गाडी उभी होती. सूचीत 'क' तसाच राहिला.

परीक्षेहून आलीस त्या संध्याकाळी तुझी प्रश्नपत्रिका मी घेतली होती, आठवतं? त्यावर तुझ्या खुणा होत्या. तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात मी गुण मोजले. एकशे एकवीस. मी तुला बोललो नाही, पण बाजारात जाऊन तुझ्यासाठी शाईचं पेन घेऊन आलो. ते अजून डबीत आहे. निकालाचं पाकीट आलं ते मीच फोडलं. आत एकशे एकोणीस. दोन गुण कुठं गेले ते शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. सदतिसावा प्रश्न दोन गुणांचा होता.

तू दारात उभी होतीस. एक चप्पल पायात, एक हातात. ''बाबा, काय आलं?'' मी म्हटलं, ''शब्दसंग्रह कमी पडला.''

फेरतपासणीचा अर्ज करते म्हणालीस तेव्हा मी 'रडीचा डाव' म्हणालो. अर्ज झाला असता तर सूची बाहेर निघाली असती, सूचीवरून माझं नाव, नावावरून ती सही. मी अब्रू वाचवली आणि तुला भिंगं घासायला पाठवलं. माझी मुलगी पास झाली आहे हे माहीत असलेला मी एकटाच माणूस होतो आणि मी मूग गिळून बसलो.

हे पत्र परीक्षेनंतर टाकावं असं फार वाटलं. अठरा दिवसांवर परीक्षा आहे, तुझं मन विस्कटेल. मग लक्षात आलं की तुझ्या भल्यासाठी गप्प बसायचं, हेच तर मी सतरा वर्षं करत आलो आहे. म्हणून आजच टाकतो. तू परीक्षेला बस. माझ्यावर राग धरून बस, पण बस.

बाबा

२८ एप्रिल

प्रिय चिंगे,

वीस तारीख होऊन गेली. तू बसलीस की नाही हे मला माहीत नाही. तुझ्या आईला माहीत असावं, पण ती सांगत नाही. ''तिलाच विचारा,'' म्हणते, आणि फोन उचलून माझ्या हातात देते, आणि तिकडून तुझी लाईन बिघडते.

मी मंडळाच्या कचेरीत जाऊन आलो. लेखी कबुली दिली, सहीचा कागद, बदललेले पर्याय, सगळं. कारकून तरुण होता. वाचून म्हणाला, ''सर, तुमच्याच व्याकरणाच्या पुस्तकावर अभ्यास करून मी इथं लागलो. हे खरंच द्यायचं का? सतरा वर्षं झाली, कोण बघतंय?'' मी म्हटलं, ''घ्या आणि पोच द्या.'' तो शिक्का शोधत बसला. शिक्का समोरच होता.

जुने निकाल काढून पाहिले त्यांनी. त्या एका प्रश्नापायी तुझ्यासकट बारा जणांचं हुकलं होतं. बारा, चिंगे. मी रोज रात्री तुझ्या एकटीचा हिशेब घालून झोपत होतो आणि आणखी अकरा घरं होती. त्यांना मंडळ कळवणार आहे. प्रत्येकाला मीही लिहिणार आहे, पत्ते मागितले आहेत.

प्रकाशकानं पुस्तक मागं घेतलं. क्लासमधल्या बत्तीसपैकी सहा उरले. त्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी दारात विचारलं, ''मास्तर, तुम्ही शिकवलेले नियम तरी खरे आहेत ना?'' नियम खरे आहेत म्हटलं. त्यांनी मुलीला आत सोडलं. मला तक्रार नाही. खुर्च्या फार होत्या, आता केर काढायला सोपं जातं.

उत्तर लिही असं म्हणत नाही.

बाबा

१७ जून

प्रिय चिंगे,

काल तुझं कार्ड आलं. 'परीक्षेला बसले होते. निकाल तुमच्या पत्त्यावर येईल. तुम्ही उघडा. जे असेल ते कळवा.' आज सकाळी पाकीट आलं. तुझं नाव, खाली 'द्वारा' आणि माझं नाव.

दुपारपर्यंत ते टेबलावरच होतं. तुझ्या आईनं त्याच्याभोवती दोनदा टेबल पुसलं. शेवटी म्हणाली, ''तिनं तुम्हाला सांगितलंय, मला नाही. फोडा.'' कात्री तिनं आणून दिली, फोडलं मी.

आत दोन कागद आहेत. पहिला यंदाचा. तुझे गुण एकशे सव्वीस, लागत होते एकशे एकतीस. पाच गुणांनी राहिलं आहे. आईच्या तोंडाकडे बघून एकदा वाटलं, आधी दुसरा कागद लिहावा, हा मागाहून, गोड बोलून. पण तू 'जे असेल ते' म्हटलं आहेस आणि हाच कागद वर होता. यंदाची उत्तरसूची मंडळानं लावली आहे, ती मी प्रश्नाप्रश्नाला पडताळून पाहिली, दोनदा. तिच्यात चूक नाही. कागदावर विभागवार गुण दिले आहेत, गेले ते वाक्यरूपांतरात, सहाव्या धड्यात. तो धडा परत का आला होता हे मला माहीत आहे, म्हणून ते पाच गुणही माझ्याकडेच लिहून ठेव.

दुसरा कागद जुन्या निकालाचा आहे. दुरुस्त केलेला. एकशे एकवीस, उत्तीर्ण. खाली लिहिलं आहे की त्या निकालाच्या आधारे तुला यंदा प्रवेश देण्यात येत आहे, वयाची अट लागू नाही, तीस जूनपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर व्हावं. बाराही जणांना असं पत्र गेलं आहे.

हे तुला उपकारासारखं वाटेल, आणि तू कागद फाडशील, अशी मला भीती आहे. ही जागा कुणी तुला देत नाही. ती तुझीच होती, तू अठराव्या वर्षी मिळवलेली, मी दाबून ठेवलेली. घ्यायची की नाही ते तू ठरव. तुझी आई म्हणते, ''तिला लिहा, मानापमान नंतर कर, आधी नाव घाल. आणि हातमोजे परत आण, तिथं लागायचे नाहीत.''

शाळा सोडल्याचा तुझा मूळ दाखला माझ्या कपाटात आहे. पोस्टानं पाठवायला जीव धजत नाही. तू म्हणशील त्या दिवशी घेऊन येतो आणि महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर थांबतो. दाखला हातात देईन, तू आत जा. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. डबीतलं पेनही आणतो, शाई वाळली आहे, धुऊन घेतलं आहे.

आता एवढंच राहिलं. एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन तू जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर मी दिलंच नाही. ते लिहितो आणि पाकीट बंद करतो.

चिंगे, तू पास झालीस.

बाबा